नको त्या विचारांचा प्राणी कसा बनवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका फँटसी कॉमिकसाठी मी खुट्ट नावाचा प्राणी बनवला, इन्ट्रूझिव्ह थॉट्सचा प्राणी, आणि तेव्हापासून फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. गोष्ट एका दीपगृहातली आहे. दिवा सांभाळणारी बाई आहे, तिचं नाव ताना, आणि खुट्ट तिच्या मागे लागलाय. तुम्हाला तुमचा स्वतःचा असा प्राणी बनवायचा असेल तर खाली वाचा, माझं जिथे चुकलं तेही लिहिलंय.

इन्ट्रूझिव्ह थॉट म्हणजे नेमकं काय? वाईट विचार म्हणजेच ना?

नाही, आणि इथेच गडबड झाली तर पुढचं अख्खं डिझाइन फसतं. हा विचार न बोलावता येतो, एकदम येतो आणि ज्याला येतो त्याच्या अंगावर काटा येतो. हातात तान्हं बाळ आहे, गॅलरीत उभे आहात आणि मनात येतं, हे बाळ मी खाली टाकलं तर? भाजी चिरताना सुरीकडे बघून येतं, गाडी चालवताना स्टिअरिंग फिरवलं तर असं येतं, सगळे शांत बसलेत आणि मी आता जोरात शिवी दिली तर असंही येतं. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असं आपल्याकडे म्हणतात ते अगदी हेच.

आणि हे सगळ्यांना होतं. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या दोघांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तर साधारण ८० टक्के लोक म्हणाले की हो, आम्हाला येतात असे विचार. त्यातली मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पेशंटचे विचार आणि साध्या माणसांचे विचार नुसते कागदावर शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा हे तज्ज्ञांनाही धड सांगता येईना. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा ९४ टक्के जणांना मागच्या तीन महिन्यांत निदान एक तरी असा विचार येऊन गेला होता. म्हणजे विचार येतो की नाही यात माणसामाणसात फार फरक नाही. आल्यानंतर तो माणूस काय करतो, फरक तिथे आहे. खुट्टचं सगळं डिझाइन मी या एका गोष्टीवर उभं केलंय.

विचाराला प्राणी का बनवायचं? विचार म्हणूनच दाखवा ना.

दाखवू शकता. पण पात्राच्या डोक्यात चाललेलं पानभर लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं हेच त्या पात्राचं खरं मन, आणि नको असलेल्या विचाराबद्दल नेमका तोच गैरसमज असतो. प्राणी बाहेर उभा केला की दोघांत अंतर पडतं. ताना वेगळी, खुट्ट वेगळा, हे चित्रात एका नजरेत कळतं.

ही कल्पना काही नवीन नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हॅग्रियस नावाचा एक ख्रिस्ती साधू होता, त्याने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती आणि हे विचार दैत्य घेऊन येतात असं तो मानायचा. त्याची एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे विचार येणं न येणं आपल्या हातात नाही, त्याला थारा द्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे असं तो सांगायचा. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस! पुढे १९९० च्या आसपास मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन या थेरपिस्टनी 'माणूस म्हणजे प्रॉब्लेम नाही, प्रॉब्लेम म्हणजे प्रॉब्लेम' असं धरून पेशंटला त्याच्या त्रासाला वेगळं नाव द्यायला लावायची पद्धत रूढ केली, लहान मुलांबरोबर तर ती खूप वापरतात. तेव्हा प्राणी बनवणं हा नुसता चित्रकाराचा हट्ट नाही.

सुरुवात कुठून करू? आधी स्केच काढू का?

नका काढू. मी आधी स्केचेस काढली आणि तीन व्हर्जन वाया गेली. शिंगं, काळा धूर, लांब बोटं, कानाशी कुजबुजणारं तोंड, सगळं भारी दिसत होतं आणि सगळं चुकीचं होतं, कारण तो कुठलाही राक्षस होऊ शकला असता.

आधी प्राण्याचे नियम लिहा. तो कधी येतो, काय खातो, कशाने वाढतो, काय करू शकतो आणि मुख्य म्हणजे काय करू शकत नाही. माझ्या वहीत पहिल्या पानावर चारच ओळी होत्या: खुट्ट न बोलावता येतो. माणसांना खुट्टला हात लावता येतो पण खुट्ट स्वतः कोणालाच हात लावू शकत नाही. ढकललं की जड होतो. तो फक्त विचारतो, सांगत नाही. हे चार नियम पक्के झाल्यावर चित्र दोन दिवसांत आलं.

तो खातो काय?

सगळ्यात जास्त वेळ मी याच प्रश्नावर घालवला. पहिलं उत्तर होतं भीती. ते सोपं आहे म्हणून सगळेच वापरतात, पण नीट बघितलं तर भीतीने विचार नुसता चमकतो, वाढतो तो त्याच्याशी केलेल्या झटापटीने.

१९८७ मध्ये डॅनियल वेग्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो ऐकलाच असेल. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली, मिनिटाला एकदाहून जास्त. नंतर त्याच लोकांना म्हणाले की आता खुशाल अस्वलाचा विचार करा, तर ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या लोकांना अस्वल जास्त वेळा आलं. वेग्नरने पुढे याचं कारण असं मांडलं की एखादी गोष्ट मनात येऊ द्यायची नसेल तर मनाचा एक भाग सारखा पहारा देत बसतो, आली का, आली का, आणि त्या पहाऱ्यासाठीच ती गोष्ट मनात धरून ठेवावी लागते.

एखाद्या प्राण्याचं अन्न म्हणून याहून चांगलं काय मिळणार! खुट्ट पहारा खातो. ताना जिना चढून दिवा जळतोय ना बघून आली की त्याला एक घास मिळतो. तिने भावाला विचारलं "मी तसं काही करणार नाही ना रे?" आणि भाऊ म्हणाला "छे, तू कशी करशील", की त्याला दुसरा घास. मनातल्या मनात "नाही नाही नाही" म्हणाली की तिसरा. यात भाऊ प्रेमानेच बोलतोय हे विसरू नका, तो सीन लिहिताना मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण धीर देणारी माणसं खलनायक नसतात, त्यांनाही माहीत नसतं की आपल्या हातून घास जातोय.

दिसायला कसा करावा?

फ्युझेलीचं १७८१ चं ते प्रसिद्ध चित्र आठवा, झोपलेली बाई आणि तिच्या छातीवर बसलेला बुटका. त्या चित्रातला तो बुटका काहीच करत नाही, नुसता बसून आपल्याकडे बघतो, आणि म्हणूनच ते चित्र डोक्यातून जात नाही. मी तिथून एकच गोष्ट उचलली, वजन.

बाकी आकार मी तानाच्याच वस्तूंमधून घेतला. विचार नेहमी माणसाला जे प्रिय आहे त्यावर येऊन बसतो, मग प्राणीही त्याच सामानातून बनायला हवा. खुट्टची पाठ दिव्याच्या काचेसारखी आहे, पंजे भावाच्या लहानपणीच्या मोज्यांसारखे, आवाज तिच्या स्वतःच्या आवाजासारखा. लांबून पाहिलं तर गोंडस वाटतो, आणि ओळखीच्या गोष्टी चुकीच्या जागी दिसल्यावर पोटात जे ढवळतं ते शिंगांनी कधीच ढवळत नाही. तुमचं पात्र संगीतकार असेल तर प्राणी तारा आणि लाकडाचा होईल, शिक्षक असेल तर आणखी काही. म्हणजे एकाच जातीचे दोन प्राणी सारखे दिसणार नाहीत, हे चित्र काढायला त्रासाचं आहे पण बरोबर आहे.

साइज बदलता ठेवा. पहिल्या पानावर खुट्ट मुठीएवढा आहे, चाळीसाव्या पानावर जिना अडवून बसलाय. पण दात मात्र शेवटपर्यंत देऊ नका, तोंड उघडलं तरी आत दात नाहीत. हे कोणी लक्षपूर्वक बघत नाही पण ज्याने बघितलं त्याला कळतं.

त्याला बोलायला लावू का?

लावा, पण आज्ञा करायला लावू नका. "मार", "उडी टाक" असं बोलणारा प्राणी वेगळ्याच अनुभवाकडे जातो, हुकूम देणारे आवाज ऐकू येणं ही निराळी गोष्ट आहे आणि दोन्हींची भेसळ केली तर दोन्हीकडच्या लोकांवर अन्याय होतो. खुट्टची सगळी वाक्यं "समजा" पासून सुरू होतात. "समजा आज दिवा तूच विझवलास तर?" "समजा विझवलायस आणि तुला आठवत नसेल तर?" आपल्या भाषेत "समजा" हा शब्द किती साधा आहे, गणितातही येतो, आणि तोच रात्री दोन वाजता ऐकला की कसा वाटतो बघा. "चुकून" आणि "खरंच ना?" हे दोन शब्दही त्याला दिलेत. बाकी काही नाही.

तो माणसाकडून काही वाईट करवून घेतो का? क्लायमॅक्सला?

नाही. कधीच नाही, आणि मला या एका उत्तरावर कोणाशीही वाद घालायची तयारी आहे.

माझ्या ओळखीच्या दोन लेखकांनी मला हेच सुचवलं होतं, की शेवटी ताना दिवा विझवते, जहाज खडकावर आपटतं, केवढा धक्का बसेल वाचकाला. बसेल ना. पण ते पान ज्याला रोज असे विचार येतात असा कोणी वाचेल, आणि त्याच्या मनातली सगळ्यात मोठी भीती आपण छापून त्याच्या हातात देऊ, की बघ, विचार आला म्हणजे कृती होणारच. या गैरसमजाला मानसशास्त्रात थॉट-अ‍ॅक्शन फ्यूजन असं नाव आहे, विचार म्हणजे जवळपास कृतीच असं वाटणं, १९९६ मध्ये त्याच्यावर प्रश्नावली तयार करून अभ्यासही झालाय. ज्या माणसांना मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा त्रास असतो त्यांच्यात हे वाटणं जास्त दिसतं. त्यांना तो विचार स्वतःच्या स्वभावाच्या पार उलट वाटतो, म्हणून तर ते इतके हादरतात.

मग टेन्शन कुठून आणायचं? तानाला तिच्या हातून ते घडेल असं वाटतं, आपल्याला दिसतंय की घडणार नाही, आणि ती हळूहळू आयुष्यातल्या एकेक गोष्टी सोडत चाललीय. आधी ती भावाला वर येऊ देत नाही, मग स्वतः वर जायला घाबरते, मग दिव्याचं काम दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरवते. खरं नुकसान तिथे होतं. जहाज बुडवायची गरजच पडत नाही.

चांगल्या माणसांनाच का छळतो तो?

चांगल्या म्हणण्यापेक्षा ज्यांना एखाद्या गोष्टीची फार काळजी आहे त्यांना. विचार सगळ्यांना येतो पण बेफिकीर माणूस "कायपण" म्हणून पुढे जातो. ज्याला आपल्यावर मोठी जबाबदारी आहे असं वाटतं तो थांबतो, याचा अर्थ काय, मी असा आहे का असं शोधत बसतो. पॉल सॅल्कोव्स्किस याने १९८५ मध्ये ओसीडीबद्दल हेच मांडलं होतं, की विचारापेक्षा त्याला चिकटलेली जबाबदारीची अवाजवी जाणीव त्रास देते. नवीन आईबाबांना बाळाबद्दल असे विचार येणं म्हणून तर इतकं कॉमन आहे.

उंचावरचं उदाहरण माझ्या दीपगृहाला फार उपयोगी पडलं. कड्यावर किंवा गच्चीच्या टोकाला उभं राहिल्यावर "उडी मारली तर" असं क्षणभर वाटतं ना, त्यावर २०१२ मध्ये एक पेपर आला. ४३१ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, आणि ज्यांच्या मनात आत्महत्येचा विचार कधीच आला नव्हता त्यांच्यापैकीही निम्म्याहून जास्त जणांना हे वाटून गेलं होतं. संशोधकांचा अंदाज असा की शरीर जीव वाचवायला घाईने मागे खेचतं, आणि मागे का सरकलो याचा अर्थ मन नंतर उलटा लावतं. जगायच्या ओढीचा अर्थ उलटा लागतो! मी हे वाचलं त्या रात्री खुट्टचा पहिला प्रवेश परत लिहिला, आता तो ताना कठड्यापासून एक पाऊल मागे सरकते त्या क्षणी तिच्या पावलाखालून जन्माला येतो.

त्याला हरवायचं कसं? तलवार, मंत्र, काहीतरी वीक पॉइंट?

मंत्र तर अजिबात नको, कारण विचार आला की मनात ठरलेलं काहीतरी म्हणायचं हेच खूप जणांचं कंपल्शन, म्हणजे भीती शमवायला परत परत करावीशी वाटणारी कृती, असतं, तो घास आहे.

१९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर याने दोन पेशंटवर एक पद्धत वापरून पाहिली, ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर राहायचं आणि नेहमीचं धुणं, तपासणं वगैरे करायचं नाही. तिथूनच पुढे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन ही थेरपी तयार झाली आणि आजही ओसीडीवर तिचा खूप वापर होतो. त्यात विचार घालवायचा नसतोच. तो असताना आपलं काम करायचं असतं, भीती चढते, शिगेला जाते आणि बहुतेक वेळा हळूहळू ओसरते, आणि नाही ओसरली तरी आपण ती सोसू शकतो हे कळतं.

गोष्टीत हे दाखवणं अवघड आहे, मान्य, कारण चित्रात काहीच घडत नाही. मी सहा पानं घेतली. ताना जिन्याच्या तळाशी बसलीय, वर जाऊन बघायची प्रचंड इच्छा होतेय, खुट्ट "समजा, समजा" करतोय आणि ती फक्त बसलीय. तिच्या तोंडी एकही शब्द नाही. संपादनात ती सहा पानं दोनवर आणायला सांगितलं होतं, मी नाही आणली, कारण वाचणाऱ्यालाही तो कंटाळा आणि ती घालमेल सोसावी लागली पाहिजे.

गेममध्ये टाकायचा असेल तर?

हल्ला केला की त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढू द्या. लपलं की तो शेजारी येतो. खेळाडूने आपली चाल त्याच्यावर खर्च न करता दुसऱ्या कामावर खर्च केली की तो एक पायरी लहान होतो, पण तो किती लहान झाला याचा मीटर दाखवू नका, नाहीतर खेळाडू दर चालीला मीटरच तपासत बसेल. तो मेल्याचा मेसेज कधीच येऊ नये. आमच्या टेबलवर पहिल्यांदा खेळलो तेव्हा सगळ्यांनी चार राउंड त्याला बडवलं, मग एकजण म्हणाला की जाऊ दे ना, आपण पूल बांधू, आणि तिथे सगळ्यांना तो प्राणी कळला.

ओसीडीचा राक्षस असं म्हणू का त्याला?

म्हणू नका. विचार सगळ्यांना येतात, ओसीडी दोन-तीन टक्क्यांच्या आसपास लोकांना आयुष्यात कधीतरी होतो, त्यात विचार आणि कंपल्शनचं चक्र रोजचा बराच वेळ खातं. आणि टापटीप आवडणाऱ्या माणसाचा गमतीदार प्राणी बनवून त्याला ओसीडी म्हणणं तर कृपा करून टाळा.

नाव कसं ठेवलं?

रात्री सगळं शांत असताना कुठेतरी खुट्ट वाजतं आणि आपण मान वर करतो. आवाज एवढासा असतो, दचकणं मोठं असतं. दैत्य, असुर, पिशाच असलं काही जोडलं असतं तर तो आधीच दोषी ठरला असता.

मला स्वतःला असे विचार येतात. त्यांच्यावरून प्राणी बनवणं सेफ आहे का?

मलाही येतात, म्हणूनच हा प्राणी झाला. मला चित्र काढून मोकळं वाटलं, पण एक गोष्ट सांभाळा. मधे एक महिना असा गेला की खुट्टचं प्रत्येक पान मी पुन्हा पुन्हा तपासत होते, यात माझ्याबद्दल काही वाईट तर दिसत नाही ना, चार जणांना दाखवत होते, ते नाही म्हणाले की दहा मिनिटं बरं वाटायचं आणि परत सुरू. तेव्हा लक्षात आलं की चित्र काढणं हाच घास झालाय. तसं होत असेल तर पेन खाली ठेवा. विचारांमुळे दिवसातले तास जात असतील, माणसं आणि कामं टाळली जात असतील तर ओसीडीवर काम करणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडे किंवा सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जा, यावर उपचार आहेत. आणि विचाराने भीती न वाटता सुटल्यासारखं वाटत असेल, जीव द्यावासा वाटत असेल, किंवा तसं काही करायचं प्लॅनिंग डोक्यात चालू असेल तर हा खुट्ट नाही, तेव्हा वाट न बघता आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा.

लहान मुलांसाठी करता येईल?

येईल. उदाहरणं सौम्य घ्या, वर्गात मोठ्याने ओरडलो तर वगैरे, आणि प्राण्याला मुलाने स्वतः नाव ठेवू द्या.

शेवटी खुट्टचं काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मरत नाही तो. शेवटच्या पानावर वादळ आहे, ताना दिव्यात तेल घालतेय, खुट्ट परत मुठीएवढा होऊन खिडकीत बसलाय. तो म्हणतो, "समजा..." ती म्हणते, "हं, असेल," आणि बुधलीचं झाकण लावते. मग खाली उतरते, आणि मागे वळून बघत नाही.